सूत्रं पाठ आहेत, पण उदाहरण सुटत नाही: दहावीची त्रिकोणमिती घरी कशी घ्यावी

तासगावहून एका आईने विचारलं आहे. मुलगी दहावीला, सेमी इंग्रजी. त्रिकोणमितीची सूत्रं तोंडपाठ, किमतींचा तक्ताही घडाघडा म्हणते, पण शाब्दिक उदाहरण समोर आलं की पेन थांबतं. ट्यूशनचे सर पुढच्या धड्यावर गेले. वडील दिवसभर द्राक्षबागेत, आई स्वतः बी. ए., गणित दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यांचे प्रश्न दोन आहेत. मला स्वतःला येत नाही, तर मी घरी काय करू? आणि ट्यूशन बदलू का?

ताई, सांगलीत गणित शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. तुमच्या मुलीसारखी मुलं दर वर्षी वर्गात असतात आणि ती हुशार असतात. पाठांतर करायची तयारी आहे म्हणजे मेहनतीची तयारी आहे. अडतं ते एकाच ठिकाणी: काटकोन त्रिकोणात एक लघुकोन ठरला की बाजूंची गुणोत्तरं ठरून जातात, त्रिकोण वहीतला असो की डोंगराएवढा, ही गोष्ट मुलांनी वाचलेली असते पण स्वतः मोजून पाहिलेली नसते. मग साइन म्हणजे काय ते कळत नाही आणि ‘साइन ३०° बरोबर १/२’ हे एखाद्या मंत्रासारखं पाठ होतं. मंत्र पाठ असला तरी तो कधी म्हणायचा हे समजत नाही, आणि उदाहरणात तर नेमकं तेच विचारलेलं असतं.

त्यामुळे पहिले काही दिवस सूत्रांची वही मिटून ठेवा. गाइडही नको. कंपासपेटी, कोरे कागद आणि भागाकाराला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढंच घ्या.

पहिल्या संध्याकाळी तिला कागदाच्या खालच्या कडेजवळ १५ सेंटिमीटरची आडवी रेघ काढू द्या. डाव्या टोकाला कोनमापकाने ३५° चा कोन करून तिरकी रेघ लांबवर न्यायची. मग आडव्या रेघेवर ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर खुणा करून तिन्ही ठिकाणी गुण्याने उभे लंब काढायचे, ते तिरक्या रेघेला भिडेपर्यंत. एकात एक बसलेले तीन काटकोन त्रिकोण तयार होतील, सगळ्यांचा कोपरा एकच. आता उंच्या मोजायच्या. साधारण ३.५, ७ आणि १०.५ येतील. तिरक्या बाजू ६.१, १२.२ आणि १८.३ च्या आसपास. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होईल, होऊ द्या. प्रत्येक त्रिकोणात उंचीला तिरक्या बाजूने भागायला सांगा. तिन्ही वेळा ०.५७ च्या जवळपासचंच उत्तर येतं. उंचीला आडव्या बाजूने भागलं तर तिन्ही वेळा ०.७० च्या जवळपास.

इथे थोडं थांबा. घाईने पुढे जाऊ नका. तिला विचारा, ‘त्रिकोण तिप्पट मोठा झाला, मग उत्तर तेच कसं?’ तिला सांगता येईल, कारण भूमितीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण समरूपतेचं आहे आणि तिन्ही त्रिकोण कोको कसोटीने (दोन कोन सारखे, म्हणून आकार सारखा) समरूप आहेत. उंची तिप्पट झाली तशी तिरकी बाजूही तिप्पट झाली. त्या ०.५७ ला साइन ३५° म्हणतात आणि ०.७० ला टॅन ३५°. नाव शेवटी आलं, आकडा आधी आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. शाळेत वेळेअभावी तो बरेचदा उलटा होतो.

दुसऱ्या दिवशी ३०° आणि ६०° चे कोन काढून हेच करू द्या. साइन ३०° साठी ०.५ येईल. मग ६०° चं उत्तर काढायच्या आधी तिला अंदाज विचारा. बहुतेक मुलं ‘१’ म्हणतात, कारण कोन दुप्पट झाला. मोजल्यावर ०.८७ येतं. साइन ३०° मध्ये साइन ३०° मिळवल्यावर साइन ६०° होत नाही, हे एकदा हाताने मोजलेलं मूल पुढे ‘साइन’ला कंसाबाहेरच्या गुणकासारखं वागवत नाही. त्रिकोणमितीच्या पेपरांत मला सगळ्यात जास्त दिसलेली चूक हीच आहे: साइन म्हणजे एक सुटी संख्या समजून ती वाटायची, नाहीतर अंश-छेदातून नुसता ‘साइन’ शब्द खोडून कोन शिल्लक ठेवायचा.

आता बाजूंची नावं. तुमची मुलगी सेमीची, ती ऑपोझिट, ॲडजसंट, हायपोटेन्यूज म्हणत असेल. तुम्ही संमुख बाजू, लगतची बाजू आणि कर्ण शिकला असाल. तिचेच शब्द घ्या, परीक्षा तिला द्यायची आहे. पण एक तपासणी तुम्ही गणित न येताही करू शकता. त्रिकोण काढलेला कागद फिरवून, उलटा करून, काटकोन वरच्या कोपऱ्यात जाईल असा तिच्यासमोर धरा आणि तीन प्रश्न विचारा. काटकोन कुठे आहे? तू कुठल्या कोनाबद्दल बोलते आहेस? त्या कोनाच्या समोर कोण आहे? पहिल्या उत्तरावरून कर्ण मिळतो, कारण तो नेहमी काटकोनाच्या समोर. बाकीच्या दोन बाजूंची नावं मात्र आपण कोन कुठला धरला त्यावर बदलतात. या कोनाची संमुख बाजू ती त्या कोनाची लगतची. मुलांच्या डोक्यात ‘उभी बाजू म्हणजे संमुख, आडवी म्हणजे लगतची’ असं पक्कं बसलेलं असतं, कारण फळ्यावर आकृती कायम तशीच काढली जाते. वरच्या कोनाने उदाहरण आलं की सगळं उलटं होतं. म्हणून कागद फिरवायचा. रोज दोन मिनिटं, आठवडाभर.

किमतींच्या तक्त्याचंही असंच. तो पाठ असावाच, परीक्षेत वेळ वाचतो. पण विसरला तर पुन्हा उभा करता आला पाहिजे. त्यासाठी दोन आकृत्या पुरतात. २ सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढून त्याला मधोमध लंब टाकला की अर्ध्या भागात ३०°, ६०° आणि ९०° मिळतात. कर्ण २, पाया १, आणि पायथागोरसने उंची √३. आणि १ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण काढला की ४५° मिळतो, कर्ण √२. एवढ्या दोन चित्रांतून ३०, ४५, ६० च्या सगळ्या किमती निघतात. तिला परीक्षेत कच्च्या कामाच्या कोपऱ्यात ही दोन चित्रं काढायची सवय लावा.

० आणि ९० राहतात. त्यात टॅन ९० ची किंमत निश्चित करता येत नाही, असं मुलं पाठ म्हणतात. का, ते विचारलं की गप्प. याचं उत्तर आपल्या अंगणात मिळतं. तासगाव-सांगली साधारण १७ अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एका दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. ऑगस्टच्या सुरुवातीलाही तो एकदा येतो, पण तेव्हा ढग असतात. काठीची उंची भागिले सावलीची लांबी म्हणजे सूर्याच्या कोनाचा टॅन. सूर्य वर चढत जातो तशी सावली आखूड होते आणि भागाकार वाढत जातो: ३, १०, ५०. सावली शून्य झाली की शून्याने भागायची वेळ येते, आणि शून्याने भागता येत नाही. टॅन ९० ची गोष्ट एवढीच. मे महिना लांब असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत करा. २१ डिसेंबरच्या सुमाराला आपल्याकडे दुपारी सूर्य जास्तीत जास्त साडेएकोणपन्नास अंशांच्या आसपास चढतो, १ मीटर काठीची सावली ८५ सेंटिमीटरच्या जवळपास पडते. काठी ओळंब्यात उभी हवी आणि जमीन सपाट हवी.

हे झालं की घराबाहेर पडा. माझं मत विचाराल तर दहा उदाहरणं सोडवण्यापेक्षा एक उंची स्वतः मोजणं जास्त शिकवून जातं. साधन घरीच होतं. कोनमापकाच्या सरळ कडेवर चिकटपट्टीने एक स्ट्रॉ लावा, मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवा, दोऱ्याला एखादा जड नट बांधा. गोल कड खाली ठेवून स्ट्रॉमधून समोर आडवं पाहिलं की दोरा ९० वर लटकतो. स्ट्रॉ वर केली की दोरा सरकतो. ९० पासून तो जितका सरकला तितका उन्नत कोन, म्हणजे आडव्या रेघेपासून नजर जितकी वर उचलली तितका. दोरा ५२ वर असेल तर कोन ३८°. एकाने पाहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं, हे काम एकट्याने होत नाही. म्हणजे तुमची तिथे गरज आहेच.

सुरुवात शाळेच्या ध्वजस्तंभापासून करा. कोन बरोबर ४५° दिसेपर्यंत मागे सरकायचं. टॅन ४५ म्हणजे १, म्हणजे पायथ्यापासूनचं अंतर हीच डोळ्याच्या वरची उंची. अंतर ९ मीटर आणि तिच्या डोळ्याची उंची १.४ मीटर असेल, तर स्तंभ १०.४ मीटर. ते १.४ मिळवायला मुलं हटकून विसरतात. मैदानात एकदा विसरलं की वहीत विसरत नाहीत, कारण काढलेली आडवी रेघ जमिनीवर नसून आपल्या डोळ्यापासून निघते हे त्यांनी अनुभवलेलं असतं. पाठ्यपुस्तकातल्या ‘१.५ मीटर उंचीचा मुलगा उभा आहे’ अशा उदाहरणांत हीच जागा असते.

मग पाण्याची टाकी. समजा टाकीच्या मध्यापासून ३० मीटरवर उभं राहून कोन ३८° आला. टॅन ३८° म्हणजे ०.७८. गुणाकार २३.४, त्यात १.४ मिळवून २४.८ मीटर. आता तिला विचारा, कोन वाचताना १° ची चूक झाली असेल तर? टॅन ३९° ०.८१ आहे. उंची २५.७ होते. एका अंशाने जवळजवळ ८५ सेंटिमीटर. मुलांना हे फार आवडतं, कारण आपल्या उत्तरावर किती विसंबायचं हे कोणी त्यांना विचारलेलंच नसतं. ४५° च्या आसपास ही चूक उंचीच्या मानाने सर्वांत कमी असते, एका अंशाला साडेतीन टक्के. ७५° वर ती दुप्पट होते. म्हणून अगदी पायथ्याशी उभं राहून मान वर करून मोजू नये.

तुमच्या तासगावात तर गणपतीच्या मंदिराचं सात मजली गोपुर आहे. रथोत्सवाची गर्दी सोडून कुठल्याही सकाळी जा. तिथे एक गंमतीची अडचण येते. गोपुर वर निमुळतं होत जातं, त्यामुळे शिखराच्या बरोबर खालचा बिंदू दाराच्या तोंडाशी नसतो, आत असतो. अंतर दारापर्यंत मोजलं तर त्रिकोण चुकतो. गोपुराच्या तळाच्या जाडीचा निम्मा भाग त्यात मिळवावा लागतो. हे तिला आधी सांगू नका. आकृती काढायला लावा, तिचं तिलाच दिसेल.

साताऱ्याच्या मुलांना अजिंक्यतारा मोजायची हौस असते, तुमच्या नात्यात कोणी तिकडे असेल तर त्यांच्यासाठी हे सांगून ठेवते. किल्ल्याच्या पोटाशी जाऊन शिखराखालचा बिंदू गाठता येत नाही, म्हणून दोन जागांवरून कोन घ्यावे लागतात, एका ओळीत आणि सपाटीवर. गावात चढउतार असल्याने मैदानच लागतं. समजा १०० मीटर अंतरावरच्या दोन जागांवरून १४° आणि १५° आले. हिशोबाने उंची ३५९ मीटर निघते. पण दुसरा कोन खरा साडेपंधरा असेल तर तीच उंची २४७ मीटर होते. अर्ध्या अंशात शंभर मीटरहून जास्त फरक! स्ट्रॉ आणि दोऱ्याला हे झेपणारं नाही. म्हणूनच १८०२ मध्ये मद्रासजवळून सुरू झालेल्या भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटनने अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, वापरलं. त्याच सर्वेक्षणात गणिती राधानाथ सिकदारांनी दूरवरून घेतलेल्या कोनांवरून एव्हरेस्टची उंची काढली, १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. आज मान्य असलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे त्या आकड्याहून फक्त ३० फुटांनी जास्त. शिखराच्या पायथ्याशी न जाता. दहावीच्या मुलीला हे सांगा. तिच्या धड्यातली रीत तीच आहे.

वडिलांनाही यात घ्या. बागेच्या कडेच्या खांबाला बाहेरून तारेचा ताण दिलेला असतो. खांब, जमीन आणि ती तार मिळून काटकोन त्रिकोण होतो, तार हा कर्ण. खांब जमिनीवर ६ फूट आणि तार जमिनीशी ६०° चा कोन करत असेल तर तार किती लागेल? ६ भागिले साइन ६०°, साधारण ६.९ फूट, वर गाठ मारायला सोडायची ती वेगळी. हेच ४५° ला ताणलं तर साडेआठ फूट. तिने आधी वहीत काढावं आणि मग बागेत जाऊन टेपने मोजावं. गच्चीवर सौर पॅनेल असेल तर आणखी एक: आपल्याकडे ते साधारण अक्षांशाएवढं, १७° कललेलं बसवतात. २ मीटर लांबीच्या पॅनेलचा मागचा पाय पुढच्यापेक्षा २ गुणिले साइन १७°, म्हणजे ५८ सेंटिमीटर उंच लागतो. इथे साइन का आणि टॅन का नाही, हे तिला बोलून सांगू द्या. पॅनेल स्वतः कर्ण आहे, म्हणून साइन. कुठलं गुणोत्तर वापरायचं हा प्रश्न असाच सुटतो. काय दिलं आहे आणि काय हवं आहे, त्या दोन बाजूंची नावं लिहायची. ज्या गुणोत्तरात त्या दोन्ही येतात ते आपलं.

आता पुस्तकातल्या उदाहरणांकडे या. नदीच्या काठावर उभं राहून समोरच्या काठावरच्या झाडाचा शेंडा ६०° च्या उन्नत कोनात दिसतो, ४० मीटर मागे गेल्यावर ३०° च्या, तर झाडाची उंची आणि नदीची रुंदी काढा, असं एक उदाहरण मुलांना नेहमी भेटतं. कृष्णाकाठ डोळ्यांसमोर आणायला सांगा. तिला एकही समीकरण न मांडता फक्त आकृती काढू द्या, आणि तुम्ही उदाहरण वाचत आकृतीवर बोट ठेवून विचारत जा: ‘झाड कुठे? काठ कुठला? मागे गेली म्हणजे कुठे उभी आहे? ४० हा आकडा कुठे लिहिलास?’ चुकतं ते इथेच. ४० मीटर म्हणजे पूर्ण पाया असं मुलं धरतात. खरं तर पाया नदीची रुंदी अधिक ४०. आकृती बरोबर आली की पुढचं बीजगणित दोन ओळींचं आहे. रुंदी य धरली तर उंची एकीकडून √३ य, दुसरीकडून (य + ४०) भागिले √३. दोन्ही सारख्या, म्हणून ३य = य + ४०, य = २०. नदी २० मीटर, झाड २०√३, म्हणजे सुमारे ३४.६ मीटर. एवढी अरुंद कृष्णा आपल्याकडे नाही आणि एवढं उंच झाडही सहसा नसतं, हेही तिने बोलून दाखवलं तर शाबासकी द्या. उत्तराकडे पुन्हा पाहायची सवय लागली असं समजा.

अवनत कोनासाठी गच्चीवर न्या. खाली अंगणातल्या तुळशीकडे बघायचं आहे. आधी समोर आडवं बघ, मग नजर खाली झुकव. जेवढी झुकली तेवढा अवनत कोन. बरीच मुलं तो कोन भिंत आणि दृष्टिरेषा यांच्यामध्ये दाखवतात, आणि मग ३० च्या जागी ६० होऊन पूर्ण उदाहरण वाया जातं. आडवी रेघ जमिनीला समांतर असल्याने तोच कोन खाली तुळशीपाशी व्युत्क्रम कोन म्हणून उतरतो, आणि हिशोब त्या खालच्या कोनावर करायचा. गच्चीवर कठड्याच्या आत उभं राहूनच, हे सांगायला नको.

नित्यसमानतांचा, म्हणजे कोन कुठलाही घातला तरी खऱ्या राहणाऱ्या सूत्रांचा भाग वेगळा आहे. तिथे मोजमाप कामाला येत नाही, धीर लागतो. कॉस म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण. साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर १, हे पायथागोरसचंच प्रमेय आहे, कर्णाच्या वर्गाने भागलेलं. लगतच्या बाजूच्या वर्गाने भागलं की १ अधिक टॅनचा वर्ग बरोबर सेकचा वर्ग (सेक, कोसेक, कॉट म्हणजे कॉस, साइन, टॅन यांचे व्यस्त). संमुख बाजूच्या वर्गाने भागलं की कॉट आणि कोसेकचं. तीन सूत्रं तीनदा पाठ करायची गरज नाही, एकदा भागाकार करून दाखवता आला पाहिजे.

‘सिद्ध करा’ आलं की मुलांना सुरुवात सुचत नाही. एक भरवशाचा रस्ता असा की अवघड दिसणारी बाजू घ्यायची, त्यातलं सगळं साइन आणि कॉसमध्ये लिहायचं, छेद सारखे करायचे, आणि साइन-कॉसच्या वर्गांची बेरीज किंवा १ वजा वर्ग कुठे दिसतो ते शोधायचं. सेक थीटा वजा कॉस थीटा बरोबर टॅन थीटा गुणिले साइन थीटा, हे घ्या. डावी बाजू म्हणजे १ भागिले कॉस, वजा कॉस. एकत्र केलं की अंशात १ वजा कॉसचा वर्ग, म्हणजे साइनचा वर्ग, छेदात कॉस. एक साइन कॉसबरोबर जाऊन टॅन झाला, दुसरा शिल्लक राहिला. झालं. दोन्ही बाजू एकाच ओळीत मांडून पद इकडून तिकडे नेऊ देऊ नका. जे सिद्ध करायचं तेच धरून चालल्यासारखं होतं आणि गुण कापले जातात.

सोडवताना मध्येच शंका आली तर त्या ओळीत थीटाच्या जागी ३०° घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का पाहायचं. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे १ भागिले २√३ येतं. ४५° घालू नका. तिथे साइन आणि कॉस सारखेच असल्याने अदलाबदलीची चूक लपून राहते. ही पडताळणी आहे, सिद्धता नव्हे, हे तिला माहीत असू द्या. घरी बसून मदत करणाऱ्या पालकाला मात्र याचा फार उपयोग होतो, कारण कुठल्या ओळीत चूक झाली ते बीजगणित न येताही सापडतं. जिथे दोन्ही बाजू जुळेनाशा होतात, त्याच ओळीत.

तुम्हाला गणित येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. येणारे पालक उत्तर पटकन सांगून टाकतात, मुलाचा विचार तिथेच थांबतो. तुम्ही ‘मला समजलं नाही, पुन्हा सांग’ म्हणाल ते खरं असेल, आणि तिला शब्द शोधावे लागतील. फक्त दोन गोष्टी टाळा. रात्री दहानंतर गणित घेऊ नका, आणि ‘आमच्या वेळी’ किंवा ‘मलाही कधी जमलं नाही’ हे तिच्यासमोर म्हणू नका. दुसरं वाक्य मुली फार लवकर मनावर घेतात, मी वर्गात ते वारंवार पाहिलं आहे. रोज २०-२५ मिनिटं पुरतात. आकृतीचा कागद एका फाइलमध्ये लावत जा.

अपूर्णांकांचे भागाकार आणि छेदातला √३ घालवणं, म्हणजे परिमेयीकरण, यात ती अडते का, तेही या दिवसांत कळेल. अडत असेल तर नववीच्या बीजगणितातला करणींचा (√३ सारख्या संख्यांचा) भाग तीन-चार दिवस घ्या. हे केल्याशिवाय पुढे जाऊन उपयोग नाही. बऱ्याच मुलांना त्रिकोणमिती समजलेली असते, उत्तर चुकतं ते २०/√३ पाशी.

गणित भाग २ चा पेपर ४० गुणांचा आणि २ तासांचा. कॅल्क्युलेटर नसतो, √३ ची किंमत लागणार असेल तिथे ती दिलेली असते, म्हणून ती शेवटच्या ओळीपर्यंत घालायची नाही. उंची-अंतराच्या उदाहरणात आकृती, दिलेली माहिती, गुणोत्तर, किंमत, एककासह उत्तर, या प्रत्येकाला गुण आहेत. उत्तर चुकलं तरी आकृती आणि योग्य गुणोत्तर लिहिलं असेल तर काही गुण पदरात पडतात. कोरी वही मात्र काहीच देत नाही.

ट्यूशनचं विचारलंत. वर्षाच्या मध्ये बदलू नका. नव्या ठिकाणी धड्यांचा क्रम वेगळा असतो आणि मूल दोन्हीकडचं काहीतरी सोडून बसतं. त्यापेक्षा महिनाभर घरी वर सांगितलेलं करा आणि मग सरांना भेटा. भेटताना ‘तिला त्रिकोणमिती येत नाही’ असं मोघम सांगू नका. फाइल घेऊन जा आणि नेमकं दाखवा: आकृतीपर्यंत येते, समीकरण मांडताना थांबते, किंवा समीकरण जमतं, करणींमध्ये चुकते. एवढं नेमकं समोर आलं की कुठलाही चांगला शिक्षक तासानंतर १५ मिनिटं देतो. तेवढीही द्यायची त्यांची तयारी नसेल, तर शाळेतल्या गणिताच्या बाईंना किंवा सरांना विचारा, आणि ट्यूशनचा निर्णय सहामाही झाल्यावर घ्या.